त्या दिवशी वारा नव्हता

इतिहास माणसाला शहाणं करतो, असं इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. प्रस्तावना परीक्षेला नसते.

जयश्री ढेबे यांनी अशा पाच-सहा प्रस्तावना लिहिल्या होत्या. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर पाठ्यसामग्री मंडळाने त्यांना इतिहास समितीवर मानद सदस्य म्हणून घेतलं. मानद म्हणजे चहा मंडळाचा, रिक्षा आपली. पासष्टीच्या, अंगाने काटक, बोलायला मोजक्या. समितीत त्या एकदाच हट्टाला पेटल्या, ते पाचवीच्या पुस्तकातल्या एका धड्यापायी.

मंडळाने ठरवलं होतं, की पाचवीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर एक धडा असावा, शक्यतो प्रेरणादायी. एका सदस्याने किल्ला सुचवला. दुसऱ्याने साखर कारखाना सुचवला, कारण त्याचे सासरे तिथे संचालक होते. जयश्रीबाईंनी 'कडसूरची लाँच' सुचवली. दुसरं काही ऐकायला त्या तयार नव्हत्या. मग कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं, जेवणाची वेळ झाली होती, आणि धडा मंजूर झाला.

कडसूरला धरण झालं तेव्हा पाण्यापलीकडची चार-पाच गावं तुटली. गावं बुडाली नाहीत म्हणून पुनर्वसन नाही, आणि रस्ता बुडाला म्हणून येणं-जाणं नाही, अशी त्यांची सरकारदरबारी अवस्था होती. शाळा अलीकडच्या काठावर. मुलांची ने-आण करायला दोन लाँच होत्या, एक मोठी, एक छोटी. १९९६च्या जानेवारीत एका सकाळी मोठी लाँच धुऊन, झेंडूच्या माळा बांधून पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. जलाशयातल्या बेटावर विश्रामगृहाचं उद्घाटन होतं. पाहुणे दुपारी येणार होते. मुलांना सकाळीच छोट्या लाँचमध्ये बसवलं, म्हणजे कोंबलं. पलीकडचा काठ सोडून लाँच हाकेच्या अंतरावर गेली आणि उलटली. सतरा मुलं गेली. त्यांत जयश्रीबाईंची धाकटी बहीण शालन होती, पाचवीतली. जयश्री तेव्हा दहावीला, तालुक्याच्या वसतिगृहात.

चौकशी झाली. अहवालात कारण दिलं, अचानक सुटलेला वारा. वाऱ्यावर खातेनिहाय कारवाई करता येत नाही, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं.

जयश्रीबाईंच्या आईने चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं होतं, "साहेब, वारा नव्हता. मी काठाला धुणं वाळत घालत हुते. दोरीवरचं लुगडं हाललं न्हाई."

अधिकाऱ्याने विचारलं, "लुगडं ओलं होतं का?"

"ओलंच की. धुतलेलं हुतं."

त्याने लिहून घेतलं: लुगडे ओले असल्याने जड.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. लेक पुस्तकं लिहिते याचा तिला अभिमान होता आणि एक तक्रारही होती. "एवढी राजं-महाराजं लिहितीस, त्यात आमचं कुठं हाय?" दर जानेवारीत ती विचारायची. आणि लेक गप्प बसली की म्हणायची, "लई नको लिहू. वारा नव्हता, एवढं लिही."

आई गेल्यावर काही वर्षांनी जयश्रीबाईंनी ते लिहिलं. धड्याच्या मधोमध, एका ओळीत, स्वतंत्र परिच्छेद करून: 'त्या दिवशी वारा नव्हता.' इतकं छोटं वाक्य त्यांनी उभ्या कारकिर्दीत लिहिलं नव्हतं. मग त्या निश्चिंत झाल्या. छापील पुस्तकांच्या काळात वाढलेल्या माणसाला असं वाटतं, की एकदा लिहिलं की ते लिहिलेलं राहतं.

पण २०४५ सालच्या पाचवीच्या मुलांकडे छापील पुस्तक नव्हतं. त्यांच्याकडे 'सहृदय' होतं.

सहृदय म्हणजे वहीएवढा, दुमडता येणारा, कागदासारखा दिसणारा एकच पडदा. वरच्या कडेला तिळाएवढा कॅमेरा. मूल वाचायला लागलं की त्याच्या डोळ्यांतली बाहुली किती विस्फारते, नजर ओळीवर कुठे अडखळते, कुठून मागे फिरते, हे तो टिपतो. कडेला जिथे अंगठा येतो तिथून नाडी समजते. एवढ्यावरून पुस्तक प्रत्येक वाक्याला दोन आकडे देतं, रसांक आणि क्लेशांक. रसांक घसरला, म्हणजे मूल कंटाळलं, की वाक्य आखूड होतं किंवा शेजारी एखादा घोडा येतो. क्लेशांक चढला, म्हणजे मुलाला त्रास झाला, की पुस्तक त्याच घटनेविषयीचं जरा सौम्य वाक्य शोधतं. खोटं लिहायची त्याला परवानगी नव्हती. खरं जितकं हळुवार लिहिता येईल तितकं हळुवार लिहायचं, एवढीच मुभा होती.

पुढचा भाग साधा होता. जिल्ह्यातली सगळी पुस्तकं दिवसातून एकदा आपापसांत बोलत. एका मुलाला रुचलेलं वाक्य दुसऱ्याच्या पुस्तकात जाई, तिथेही चाललं तर तिसऱ्याच्या. न रुचलेलं मागे पडे. ओढ्यातल्या धोंड्याचा गोटा होतो, तसं. मुद्दाम कुणी घासत नाही, पाणी नुसतं जात राहतं.

आणि हे सांगायला हवं, की मुलं ही पुस्तकं उघडत. आधीची उघडत नसत. जयश्रीबाईंनाही हे मान्य होतं.

*

जूनमध्ये एका सकाळी त्यांची नात शर्वी पोह्यांची ताटली बाजूला सारून म्हणाली, "आजी, तुझा धडा आलाय."

शर्वी दहा वर्षांची, पाचवीत. जयश्रीबाई लेकीकडेच राहत. लेक तेजल ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. शर्वीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धरण, तुटलेली गावं, झेंडूच्या माळा. मग ती ओळ. मग:

"'शालन दहा वर्षांची होती. तिला लाँचच्या पुढच्या टोकाला बसायला आवडे. बुडालेल्या सतरा मुलांमध्ये ती होती.'" शर्वी थांबली. "ही आपल्या भिंतीवरची शालन?"

"हो."

"मग माझी कोण लागते?"

"माझी बहीण, म्हणजे तुझी आजीच."

"पण ती माझ्याएवढी आहे."

"हो."

"मग आजी कसं म्हणायचं तिला?"

 शर्वीने शालनची ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा, आणि तिचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला. ती रडायला लागली तेव्हा जयश्रीबाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांत घराबाहेरच्या नाही तरी नव्या पिढीच्या एका माणसाने शालनसाठी रडून घेतलं होतं.

टेबलावरच्या पानावरून एक बारीक लहर गेली, दुधावर फुंकर मारल्यासारखी. तिकडे दोघींचं लक्ष नव्हतं.

आठवड्याभरात शर्वी शाळेतून नाचत आली. "आजी, शालनआजी वाचली होती?"

"कोण म्हणालं?"

"पुस्तकात आहे. 'मुलांना काठावर आणण्यात आले.'"

जयश्रीबाईंनी पुस्तक हातात घेतलं. वाक्य होतं. आणि ते खरं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलांना काठावर आणण्यात आलं होतं. ताडपत्रीवर ओळीने ठेवलं होतं. वसतिगृहातून निरोप मिळून जयश्री पोचली, तेव्हा शालनच्या एका पायात चप्पल होती.

"आणलं होतं ना?" शर्वीने विचारलं.

"आणलं होतं."

"मग ठीक आहे," शर्वी म्हणाली आणि खेळायला गेली.

जयश्रीबाईंनी धडा वर सरकवला. झेंडूच्या माळा होत्या, त्यांचं रंगीत चित्रही आलं होतं. पाहुणे मात्र धड्यातून गेले होते, त्यामुळे माळा कशासाठी ते कळत नव्हतं. त्याखाली, त्यांच्या एका ओळीच्या जागी, एका ओळीचा परिच्छेद होता: 'त्या दिवशी हवा छान होती.'

*

मंडळाचे उपसंचालक अभिजित सरपोतदार हे त्यांचेच जुने विद्यार्थी. बाई केबिनमध्ये शिरल्या तसे ते उठून उभे राहिले.

"बसा बाई. चहा बिनसाखरेचा ना?"

"कसाही चालेल. धडा कुणी बदलला?"

"कुणीच नाही."

"'वारा नव्हता'चं 'हवा छान होती' कुणी केलं मग?"

"मुलांनी." सरपोतदारांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ होती, चांगली सपाट चाललेली आणि मध्येच सुळक्यासारखी उठलेली. "हा सुळका म्हणजे तुमची ओळ. इथे मुलं थांबतात. मागे जातात. परत वाचतात."

"थांबून, मागे जाऊन परत वाचणं, याला मी जन्मभर अभ्यास म्हणत आले."

"यंत्राला ते अडखळणं दिसतं बाई."

"आणि 'हवा छान होती'?"

"खोटं आहे का?"

 जानेवारीतली सकाळ, पाणी आरशासारखं. हवा छानच होती.

"बघा. आम्ही एक शब्द खोटा घालत नाही," सरपोतदार म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला कळतं बाई. पण माझं पोरगं पूर्वी पुस्तक भिरकावून द्यायचं. आता उशाशी घेऊन झोपतं. मी कुणाच्या तोंडाने तक्रार करू?"

चहा आला. तो साखरेचा होता. दोघांनी तसाच घेतला.

"एक मार्ग आहे," सरपोतदार म्हणाले. "गुणांकित करून घ्या. मागे एका मुलाने आपल्या पुस्तकात होतं तेच पेपरात लिहिलं आणि त्याचा गुण गेला. पालक कोर्टात गेले. तेव्हापासून ज्या वाक्यावर गुण आहेत, त्याला पुस्तक हात लावत नाही. गुण आहेत तोवर कुलूप."

"म्हणजे जे परीक्षेला येतं तेवढंच खरं राहतं."

"ते तर आमच्या वेळीही तसंच होतं, बाई."

जयश्रीबाईंनी कप खाली ठेवला. "मग घाला. 'लाँच उलटली, कारणे द्या.' दोन गुण."

सरपोतदारांनी छताकडे पाहिलं. "'कारणे द्या'ला नमुना उत्तर शासकीय नोंदीतूनच घ्यावं लागतं."

"म्हणजे वारा."

"म्हणजे वारा. अफवा शिरू नयेत म्हणून तो नियम समितीनेच केलाय. ठराव तुम्ही मांडला होता बाई. अनुमोदन तेवढं कारखान्यावाल्यांचं."

घरी येताना रिक्षात त्या हिशेब मांडत होत्या. धडा कुलपाबाहेर ठेवला तर पाण्याने झिजणार. कुलपात ठेवला तर आतलं उत्तर खोटं. मुलांना कारण सांगायचं असेल तर सरकारचं सांगावं लागेल, आणि आपलं सांगायचं असेल तर ते कारण आहे असं म्हणता येणार नाही. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्यांना मार्ग सुचला. तीस-पस्तीस वर्षं प्रश्नपत्रिका काढलेल्या माणसालाच तो सुचू शकतो.

रिकाम्या जागा भरा.

त्या प्रश्नाला शासकीय नोंद लागत नाही. तिथे उत्तर धड्यातल्या वाक्याशीच ताडून पाहतात, जसंच्या तसं. शिवाय जे वाक्य प्रश्नात येतं, ते धड्यात मूळ रूपात परत बसवावं लागतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रश्न पाठवला:

त्या दिवशी ______ नव्हता. (१ गुण)

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तकं उघडली, तर ओळ परत आली होती. 'त्या दिवशी वारा नव्हता.' शेजारी कुलपाचं बारीक चित्र. सरपोतदारांनी फोन करून अभिनंदन केलं. आईच्या फोटोसमोर उभं राहून काही बोलायची जयश्रीबाईंची पद्धत नव्हती. त्या दिवशी त्यांनी फोटोची काच पुसली, मग शालनच्या फोटोचीही पुसली.

*

जानेवारीत त्या सकाळीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. कडसूरच्या धक्क्यावर कार्यक्रम होता. धक्क्याशेजारी सतरा नावांचा दगड आहे, त्याला हार घालायचा, आणि जिल्ह्यातल्या काही शाळांच्या पाचवीच्या मुलांना तो दाखवायचा. आता पाण्यावर पूल झाला आहे, त्यामुळे लाँच बंद आहे. पुलाचं उद्घाटन दोनदा झालं.

शर्वीच्या शाळेची बस आली होती. जयश्रीबाईही तिच्यातूनच आल्या. धक्क्यावर नामदेव जानकरचं चहाचं दुकान आहे. नामदेव त्या लाँचमध्ये होता. शालनच्या वर्गातला. तो पोहून काठाला लागला, आणि त्यानंतर त्याने पाण्यात कधी पाय घातला नाही. पण दुकान मात्र पाण्याकडे तोंड करून टाकलं.

"या आक्का," तो म्हणाला. त्याने बाक फडक्याने पुसला. "आवंदा पोरं लई आलीत."

"धडा आहे ना आता पुस्तकात."

"आईकलं. माझी नात म्हणत हुती, आजा, तुमी पुस्तकात हाय. मी म्हनलो, नाव हाय का? तर न्हाई म्हनली. मग कशावरनं मी?" तो हसला. "पर बरं झालं. वारा नव्हता, ते ल्हिलंसा न्हवं?"

"लिहिलं. कुलूप लावून लिहिलं."

"तुमची आई आसती तर..." म्हणत नामदेवने चहा गाळायला घेतला आणि वाक्य तिथेच सोडलं.

दगडाला हार घालून झाला. पाहुण्यांनी भाषण केलं. या खेपेला पाहुणे कारने आले होते. मग कडसूरच्या शाळेचे मुख्याध्यापक माइकवर आले. उत्साही, चाळिशीचे, मुलांना बोलतं करायची हौस असलेले.

"बालमित्रांनो, आपण सर्वांनी हा धडा वाचलाय. सांगा बरं, ती लाँच कशामुळे उलटली?"

दीड-दोनशे मुलं एका सुरात म्हणाली, "वारा."

आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि थोडासा परत आला. जयश्रीबाईंना त्या आवाजात शर्वीचा आवाज वेगळा ऐकू आला.

नामदेवच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"शाब्बास," मुख्याध्यापक म्हणाले.

जयश्रीबाई माइकपाशी कशा पोचल्या ते त्यांना नंतर सांगता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "बाळांनो, वारा नव्हता."

मुलं त्यांच्याकडे आदराने बघत राहिली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, तेच. रिकामी जागा तीन नंबर. उत्तर वारा."

"पूर्ण वाक्य काय आहे?"

मुलगा घुटमळला. त्याने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, "बाई, पूर्ण वाक्य नाही विचारत. एकच शब्द भरायचा असतो."

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

जयश्रीबाई दुकानाशी परत आल्या. शर्वी दप्तर सांभाळत त्यांच्यामागे आली होती. "पुस्तक दाखव," त्या म्हणाल्या.

ओळ जागच्या जागी होती. कुणी हात लावला नव्हता. फक्त तिच्या भोवतालचं सगळं उरकून गेलं होतं. 'मुले रोज लाँचने शाळेत जात. त्या दिवशी वारा नव्हता. मुलांना काठावर आणण्यात आले.' शेत विकून गेल्यावर बांधाचा दगड राहावा तशी ती मध्ये उभी होती, आणि तिचा मागच्या-पुढच्याशी काही संबंध उरला नव्हता. संबंध नसलेल्या वाक्याशी मुलं रेंगाळेनात, रसांक घसरला. वाक्य तर बदलता येईना. मग पुस्तकाने त्याला शक्य होतं ते केलं. त्याने शेजारी मुलांच्या लक्षात राहील असं चित्र घातलं. दोन्ही गाल फुगवून फुंकर मारणारा एक गुबगुबीत ढग, आणि खाली लाटांवर कललेली छोटी होडी. चित्राखाली लिहिलं होतं: लक्षात ठेवा, वारा!

नामदेवने वाकून चित्र पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा पाहिलं.

"वारा चांगला काढलाय," तो म्हणाला. मग राहिलेला चहा गाळायला लागला.

*

परतीच्या बसमध्ये जयश्रीबाईंनी शर्वीला सगळं सांगितलं. पुस्तकाशिवाय, तोंडी. मोठी लाँच, झेंडू, दुपारी यायचे असलेले पाहुणे. दोरीवरचं न हललेलं लुगडं. ताडपत्री. एका पायातली चप्पल. त्या सांगत असताना शर्वीच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारत होत्या, ती थांबवून पुन्हा विचारत होती, आणि आजीकडे सौम्य वाक्यं नव्हती.

"आजी, पाहुणे तर दुपारी येणार होते. मग मोठी लाँच सकाळी का नाही दिली?"

"माळा खराब झाल्या असत्या."

शर्वी खिडकीबाहेर बघत राहिली. नंतर तिने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि बसमधल्या बाकीच्या मुलांचं गाणं संपेपर्यंत ती आवाज न करता रडत होती.

पुढचे काही दिवस ती नीट झोपली नाही. मधेच उठून बसे, आणि आपल्या दोन्ही चपला पलंगाखाली आहेत का ते बघे. तेजलने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, काय काय सांगितलंस तिला?"

"जे झालं ते."

"दहा वर्षांची आहे ती."

"शालनही दहाचीच होती."

"म्हणून काय हिला तिथेच नेऊन बसवायचं का? तुला तुझी बहीण आहे, मला माझी मुलगी आहे." तेजलने ओट्यावरचं पुसलेलं पुन्हा पुसलं. "ते पुस्तकसुद्धा एवढं निष्ठुर नाही गं."

"नाही," जयश्रीबाई म्हणाल्या. "ते नाहीच."

तेजल थोडी वरमली. "माझ्या लहानपणी तू मला कधी सांगितलं नाहीस हे."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. तू म्हणालीस, मोठी झाल्यावर."

ते खरं होतं. दोघी भाजी निवडायला बसल्या. त्यानंतर जयश्रीबाईंनी घरात तो विषय काढला नाही, आणि शर्वी हळूहळू झोपायला लागली. दहा वर्षांच्या मुलांना झोप लागते. पुस्तकाची त्यात काही करामत नाही.

मार्चमध्ये परीक्षा आली. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी शर्वी टेबलाशी बसून रिकाम्या जागा पाठ करत होती. एका ठिकाणी थांबली. मागे गेली. पुन्हा वाचलं. मग पुस्तक पालथं घालून आजीच्या खोलीत आली. जयश्रीबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आजी, मला माहितीये वारा नव्हता."

"हं."

"मी विसरले नाहीये. त्या दिवशी धक्क्यावर मी सगळ्यांबरोबर म्हटलं, पण तेव्हा मला माहीत नव्हतं."

"हं."

"मग आता पेपरात काय लिहू?"

जयश्रीबाईंनी हातातल्या साडीची घडी पूर्ण केली. त्यांना मुलीला सांगता आलं असतं, की पूर्ण वाक्य लिही. पण पूर्ण वाक्य लिहिलेलं यंत्र तपासत नाही; चौकोनात एक शब्द मावतो. त्यांना सांगता आलं असतं, की जागा रिकामी सोड. पण मुलीचा गुण गेला असता, आणि रिकामी सोडलेली जागा कुणी वाचत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी साडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"वारा," त्या म्हणाल्या.

"वारा लिहू?"

"वारा लिही."

शर्वी त्यांच्याकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणाली आणि अभ्यासाला गेली. बाहेरच्या खोलीतून तिचा पाठांतराचा आवाज यायला लागला. तीन, वारा. चार, ताम्रपट. पाच, शके सोळाशे. जयश्रीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. गच्चीवरच्या दोरीवर कपडे वाळत होते, आणि त्यांतलं एकही हलत नव्हतं.

त्या प्रश्नात शर्वीला एकापैकी एक गुण मिळाला. जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्याच मुलांना मिळाला, तेव्हा प्रश्न फार सोपा आहे असा शेरा मारून मंडळाने पुढच्या वर्षीपासून तो वगळला, आणि ओळीवरचं कुलूप निघालं.